माठ गार होत नाही तेव्हा

शिरोळ तालुक्यातल्या चौथीच्या पोराला विचारा, पंचगंगेची इशारा पातळी किती? तो गोट्या खेळता खेळता सांगेल, ३९ फूट. आणि धोका पातळी? ४३. हे आकडे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे. पण तिथे चढलेले पाणी पुढे आमच्याच दारात यायचे असते, नृसिंहवाडीला कृष्णेला भिडून मागे फुगायचे असते, म्हणून ते आम्हाला पाढ्यासारखे पाठ आहेत. ३९ म्हटले की धान्याची पोती माळ्यावर चढतात, म्हशींची दावी सुटतात, म्हातारी माणसे उंचावरच्या पाहुण्यांकडे रवाना होतात. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो. लोक श्रद्धेने त्यात स्नान करतात आणि त्याच वेळी मनाशी हिशेब करतात, की आता कुरुंदवाडचा रस्ता किती तासांत बंद पडणार. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांनी आम्हाला एवढे शहाणपण दिले.

उन्हाळ्याचा असा एकही आकडा आम्हाला पाठ नाही.

मार्च लागला की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक पत्रक चिकटते. भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे वापरा, डोक्यावर टोपी किंवा टॉवेल घ्या, दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका. त्यातली एकही ओळ चुकीची नाही आणि मी तिची टिंगल करायला बसलेलो नाही. माझी तक्रार एवढीच, की ते पत्रक वाचणारा माणूस दुपारी बाराला पंख्याखाली असतो आणि ज्या बाईसाठी ते लिहायला हवे होते ती त्या वेळी उसाच्या सरीत वाकून भांगलत असते. पुराच्या वेळी ‘पाण्यात जाऊ नका’ असा फलक लावून तालुक्याचे प्रशासन घरी बसत नाही. होड्या येतात, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी येऊन थांबते, निवारा केंद्रात चूल पेटते. पुरापासून वाचवणे हे आपण गावाचे काम मानले आणि उन्हापासून वाचणे ज्याच्या त्याच्या अंगावर सोडून दिले. उन्हाळ्यातली सुरक्षितता मुळात कामाच्या वेळेचा आणि त्या वेळेच्या मजुरीचा प्रश्न आहे. ताक, टोपी, कांदा हे सगळे त्यानंतरचे.

हे बोलले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. शिरोळचे ऊन ते काय ऊन? जा चंद्रपूरला, जा अकोल्याला, मग समजेल. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बहुतेक ३६ ते ३९ अंशांत खेळतो, तिकडे तो ४५ च्या पुढे जातो, हे खरेच आहे. पण पारा हवेचा ताप मोजतो. माणसाचे शरीर दुसऱ्याच गोष्टीवर जगते आणि ती गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात ठेवलेली आहे: माठ.

माठ पाणी कसे गार करतो हे कुणाला शिकवायला नको. पाणी झिरपते, बाहेरच्या अंगावर येते, उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माणूसही तसाच. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. यंत्रणा भक्कम आहे. पण अट एकच, घाम उडायला हवा. नुसता निथळून मातीत पडलेला घाम काही कामाचा नाही. वळवाच्या आधीच्या त्या कोंदट दिवसांत घरातली बाई म्हणते, ‘आज माठाचं पाणी गारच होईना झालंय.’ ती हवामानशास्त्राचे अचूक विधान करत असते. ज्या दिवशी माठ गार होत नाही, त्या दिवशी माणूसही गार होत नाही.

शास्त्रज्ञ यासाठी तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात आणि पारा किती खाली येतो ते बघतात. ४४ अंश ताप आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर हा ओला पारा २३ च्या आसपास उतरतो. ३६ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर २७ च्या वरच अडकतो. याचा अर्थ चंद्रपूरचे ऊन सुसह्य आहे असा कुणी काढू नये. कोरडे ऊन शरीरातले पाणी कधी पळवते तेही कळत नाही आणि ते वेगळ्या तऱ्हेने मारते. मुद्दा एवढाच, की छत्तीसचा आकडा पाहून निर्धास्त होण्याचे कारण नाही. ओला पारा ३५ ला पोचला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असे गणित २०१० साली मांडले गेले. पुढे २०२२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत ती मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. त्या प्रयोगातली माणसे हलकी हालचाल करत होती. त्यांच्या हातात खुरपे नव्हते.

महाराष्ट्राने याचा दाखला डोळ्यांनी पाहिला आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, सकाळपासून उन्हात बसले होते. पारा ३८ च्या आसपास होता, म्हणजे आमच्या शिरोळातला एप्रिलचा साधा दिवस. चौदा माणसे गेली. ती कष्टाचे काम करत नव्हती, नुसती बसली होती. व्यासपीठावर छत होते, समोर नव्हते. त्या दुपारनंतर खरे तर ‘चाळीसच्या आत आहे, काही होत नाही’ हे वाक्य मराठीतून हद्दपार व्हायला हवे होते.

झाले नाही, कारण सरकारी मोजपट्टीच चाळीसची आहे. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात पारा किमान ४० ला पोचला आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला, तर उष्णतेची लाट. किनारपट्टीला ही सीमा ३७ आहे. आम्ही खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्र’ या विभागात मोडतो, जळगावसकट, म्हणून आम्हाला चाळीसचीच अट. आमची सरासरी ३७ धरली तर लाट जाहीर व्हायला पारा साडेएकेचाळीसला टेकायला हवा. तसा तो क्वचितच टेकतो. म्हणजे कागदावर शिरोळला उष्णतेची लाट जवळपास येतच नाही. अलीकडे खाते ‘उष्ण व दमट हवामान’ असाही इशारा देऊ लागले आहे, ही चांगली गोष्ट. पण तो ऐकून तालुक्यात कुणाच्या हाताचे खुरपे थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

आणि आमचा दमटपणा निम्मा आम्हीच पिकवलेला आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी या तालुक्याला मिळाले आणि त्या पाण्यावर आम्ही ऊस उभा केला. गांधीनगरच्या आयआयटीतल्या अभ्यासकांनी २०२० साली दाखवून दिले, की भारतात सिंचनामुळे जमिनीजवळची हवा थोडी थंड होते पण ओलसर होते, आणि दोन्हीची वजाबाकी केली तर शरीरावरचा ताण वाढतो. तापमापक खूश, माणूस बेजार. हे समजून घ्यायला अभ्यासही लागत नाही. मे महिन्यात दुपारी छातीएवढ्या उसात दहा पावले आत जाऊन उभे राहावे. बांधावर वारा असतो, आत पानही हलत नाही. नुकतेच पाणी पाजलेले असेल तर जमिनीतून वाफ येते. उसाच्या पात्याची धार करवतीसारखी, म्हणून बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. ‘सैल सुती कपडे वापरा’ हे पत्रक लिहिणाऱ्याने पाला काढणारी बाई कधी पाहिली असेल का, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो. तिथे कापड हे चिलखत आहे. ते काढले तर अंग चिरते, ठेवले तर घाम उडत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण सल्ल्यांचा राजा तोच. कष्टाच्या कामात दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी पोटात जायला हवे. तहान लागेपर्यंत थांबू नये. एका भांगलणीच्या टोळीला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले होते. एक मावशी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘पानी पिलो तर जायाचं कुठं ओ दादा?’ बाकीच्या हसल्या, मी गप्प झालो. त्यांचा मुकादम पुरुष, शेतमालक पुरुष, शेजारच्या रानात ट्रॅक्टरवाला पुरुष, आणि खोडव्याचा ऊस अजून गुडघ्याएवढा, आडोसा नाही. म्हणून बाया सकाळी घरून निघताना पाणी कमी पितात आणि दुपारी भाकरीसोबत दोन घोट घेतात. त्यांना अज्ञान नाही. त्यांना आडोसा नाही.

याचा परिणाम मराठी भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे. लघवीला जळजळ होऊ लागली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. ऋतूचे नावच आजाराला दिले, इतका तो नेमाचा. यावर धने-जिरे भिजवून पाणी, सब्जा, थोडे दिवस ताक, की झाले. पण शरीरात पाणी कमी, लघवी दाट आणि वर रोज कष्ट, हे वर्षानुवर्षे चालले तर मूत्रपिंडाचे काय होते, हे जगाने उसाच्याच शेतात पाहिले आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत तिशी-चाळिशीतले ऊसतोड कामगार मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा या साखरपट्ट्यात तर घरटी कर्ते पुरुष गेले. कारणांबद्दल वाद आहेत, कीटकनाशकांकडेही बोट दाखवले जाते. पण उष्णतेतले अतिकष्ट आणि पाण्याचा तुटवडा हे त्यातले मोठे कारण आहे, यावर बहुतेक अभ्यासक आता एक आहेत. तिथे उपाय काय केला? पाणी, विश्रांती, सावली. फडात हलवता येणारे मांडव, ठरलेल्या वेळी सक्तीची सुट्टी, हाताशी गार पाणी. मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. एल साल्वादोरमधल्या प्रयोगात माणशी तोड घटलीही नाही, उलट वाढली. ज्या कारखानदारांना मजुराच्या जिवाशी फारसे देणेघेणे नसेल, त्यांच्याही कानावर ही शेवटची गोष्ट जावी.

आमच्याकडे गळीत हंगाम बहुतेक उन्हाळा भरात येण्याआधी उरकतो, त्यामुळे तोडकरी मार्चच्या झळा सोसून गावी जातात. मे महिन्याचा ऊस मात्र उरतो भांगलणाऱ्या, खत टाकणाऱ्या, पाणी पाजणाऱ्या स्थानिक माणसांच्या वाट्याला. ही माणसे कुठल्याच हंगामाच्या हिशेबात नसतात. जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते. एफआरपी, रिकव्हरी, काटामारी, वाहतूक यांवर घणाघाती भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण उसाच्या उत्पादनखर्चात सावलीचा मांडव आणि दुपारची सुट्टी धरा, अशी मागणी माझ्या तरी ऐकण्यात आलेली नाही.

उष्माघात म्हणजे नेमके काय आणि त्या क्षणी काय करायचे, हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ हवे, ३९ आणि ४३ सारखे. साधे ऊन लागले तर माणूस थकतो, डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, घाम भरपूर येतो, पण तो शुद्धीवर असतो आणि बोलणे नीट असते. त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी पाजले की तो सावरतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चमचे चहाचे. मात्र तो असंबद्ध बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपली, तर शरीराचा ताप ४० च्या वर गेलेला असतो आणि तो आता सावलीने उतरणार नाही. अशा वेळी आपण दोन चुका करतो. एक, तोंडात पाणी ओततो, जे शुद्धीवर नसलेल्याच्या श्वासनलिकेत जाते. दुसरी, गाडी शोधत बसतो. आधी गार करायचे, मग न्यायचे. कपडे सैल करा, असेल ते पाणी अंगावर ओता, टॉवेलने वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत धरा, आणि हे चालू ठेवून १०८ ला फोन करा. उसाच्या रानात याची सोय असतेच: विहिरीचा पंप किंवा पाटाचे पाणी. तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप जंतूंचा नसतो. घाम थांबला तरच उष्माघात, असा एक समज आहे तोही सोडून द्यावा. राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो.

घरगुती उपायांबद्दल माझे मत संमिश्र आहे. आंबील, ताक, कैरीचे पन्हे ही आमच्या आज्यांची शहाणी पेये. त्यांत पाणी, मीठ आणि थोडे अन्न एकत्र जाते. रसवंतीचा रस चांगला, पण बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारून. खिशातला कांदा मात्र नुसता सोबतीला असतो. तो उष्णता ओढून घेत नाही, दुपारी भाकरीबरोबर खाल्ला तर तेवढाच उपयोग. ‘आमाला सवय हाय उन्हाची’ हे वाक्य निम्मे खरे आहे. शरीर उन्हाला सरावते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात आणि मध्ये काम सुटले की तो सराव जातोही. म्हणून मार्चमधली पहिली तापलेली दुपार मेच्या दुपारपेक्षा घातक ठरू शकते. आजारपणातून उठून पहिल्याच दिवशी पूर्ण रोज भरायला जाऊ नये. आणि दारू घेऊन उन्हात गेलेल्याला कुठलीच सवय वाचवत नाही.

‘भरपूर पाणी प्या’ याला आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात पंचगंगेचा प्रवाह मंदावतो, वरच्या शहरांचे सांडपाणी तसेच राहते, तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. प्यायचे कुठले पाणी, याचे उत्तर पत्रकात नसते. ज्यांना परवडते ते जार आणतात.

रात्रीचे ऊन हाही विषय आहे, आणि त्यात पुराचा एक उलटा हात आहे. २००५ आणि २०१९ च्या पुरांत मातीच्या भिंतींची कौलारू घरे विरघळली. त्यांच्या जागी स्लॅब आणि पत्रे आले. पुराच्या दृष्टीने शहाणपणाचेच झाले. पण पांढऱ्या मातीची जाड भिंत दिवसाचे ऊन घरात शिरू देत नव्हती. स्लॅब ते दिवसभर पितो आणि रात्री दोनपर्यंत खाटेवरच्या माणसावर ओकतो. पत्रा तर दुपारी तवाच असतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन आदल्या दिवसाच्या बाकीवर चढते. छताला चुन्याचा पांढरा हात मारला, पत्र्यावर पाचट अंथरले तरी फरक पडतो. पाचट आमच्याकडे फुकट आहे आणि निम्मे तर आम्ही रानातच पेटवून देतो. आगीची भीती असते हे मान्य, म्हणून चुना बरा. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर रात्रपाळीला जाणाऱ्या तालुक्यातल्या पोरांची तऱ्हा आणखी निराळी. सूत तुटू नये म्हणून मागाच्या खोलीत हवा ओलसर लागते, वर पत्रा, भोवती तापलेल्या मोटारी. त्यांना ‘उन्हात जाऊ नका’ सांगून काय उपयोग, त्यांचे ऊन घरात आहे.

तर मग करायचे काय? कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर कामाला बंदी घातली आहे, आणि ओल्या पाऱ्यासह मोजलेला ताण ठरावीक आकड्यावर गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवायचे. कामगारांच्या हक्कांसाठी नावाजलेला तो देश नव्हे, जगभरातून बोलणी खाल्ल्यावर त्याने हे केले. पण केले. आपल्याकडे आपण मुलांची शाळा उन्हाळ्यात सकाळची करतो, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाला गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत दुपारी चंदनाची उटी लावतात, सरबताचा नैवेद्य दाखवतात. देवाला उकडते हे ज्या समाजाला कळले, त्याला मजुराला उकडते हे कळायला अवघड जाऊ नये.

रोज सकाळी सहा ते अकरा करावा, हवे तर संध्याकाळी तासभर, आणि मजुरी पूर्ण द्यावी, हा सरळ उपाय. तो सुचवला की दुसरा आक्षेप येतो आणि हा पहिल्यापेक्षा वजनदार आहे. एक-दीड एकरवाला शेतकरी कमी तासांना पूर्ण रोज कुठून देणार? माझे उत्तर असे, की दुपारच्या तासांत काम मुळात होतच नाही. दुपारी एकनंतर सरीत हात किती चालतो हे शेतकऱ्यालाही माहीत आहे, तो स्वतः त्या वेळी आंब्याखाली असतो. पहाटेचे पाच तास दुपारसकट सात तासांच्या जवळपास भरतात. उरलेली तूट सोसायला सरकारने हात द्यायला हवा, आणि त्याला पायंडा आहे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात रोजगार हमीच्या कामावर उन्हाळ्यात कामाचे माप कमी धरून मजुरी पूर्ण देण्याची पद्धत होती. एप्रिल-मेमध्ये ही सूट तीस टक्क्यांपर्यंत असे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने उष्णतेचा विमाच काढला, ठरलेल्या आकड्यावर ताप गेला की थेट खात्यात पैसे. २०२४ च्या उन्हाळ्यात चाळीस हजारांहून अधिक बायकांना ते मिळाले. रक्कम फार मोठी नव्हती, पण आकडा ओलांडला की पैसे, हे तत्त्व आमच्या ४३ फुटांसारखेच.

खरी गाठ तिसरीकडे आहे आणि ती सकाळच्या रोजाचा पुरस्कार करणाऱ्या आम्हा मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. रोज दहाला का सुरू होतो? कारण त्याआधी त्या बाईला धारा काढायच्या असतात, नळाचे पाणी भरायचे असते, भाकऱ्या थापायच्या असतात, पोराला शाळेत धाडायचे असते. तिला सहाला रानात बोलावणे म्हणजे चारला उठवणे. स्लॅबखाली रात्री एकला डोळा लागलेल्या बाईला चारला उठवून तिचे आरोग्य सुधारले, असे म्हणणे अवघड आहे. म्हणून नुसता रोज हलवून भागत नाही, त्याच्या मागचे सगळे हलवावे लागते. नळाला पाणी संध्याकाळी सोडायचे, हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. आदल्या रात्रीची आंबील पहाटे चालते, पण घरातल्या पुरुषाने एक वेळची धार काढली तर बिघडत नाही. शेतीपंपाची वीजही यातच येते. २०२२ साली शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी आंदोलन केले, ते रास्त होते. रात्री सापकिरडांत पाणी पाजायला का जावे? पण दिवसा म्हणजे दुपारी एक नव्हे. उन्हाळ्यातले ते तास पहाट आणि सांज यांत वाटून मागितले पाहिजेत.

पैशांची वाट अडत आली ती एका यादीपाशी. आपत्ती निवारण निधीतून मदत कोणत्या आपत्तींना, याची देशाची एक यादी आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या त्या यादीत पूर होता, दुष्काळ होता, गारपीट होती, टोळधाडीसारखा किडीचा हल्ला होता, थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्याला आपल्या निधीतला दहा टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्ती म्हणून खर्च करता येत होता, एवढीच फट. पुरात घर पडले तर तलाठी पंचनाम्याला येतो. उन्हात माणूस पडला तर दाखल्यावर बहुधा हृदयविकाराचा झटका असे लिहिले जाते आणि पंचनामा कशाचा करणार? अहमदाबादेत मे २०१० मध्ये एरवीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, हे कुणीतरी नोंदी मांडून मोजले. म्हणून २०१३ साली त्या शहराचा उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. न मोजलेल्या मरणाची आपत्ती होत नाही. तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी मार्च ते जून या महिन्यांतले मृत्यू वयानुसार आणि कामानुसार वेगळे मांडले, तरी पुढच्या वर्षी बोलायला काही हाती येईल.

मुंबई-दिल्लीची वाट बघायची गरज मला तरी वाटत नाही, कारण याच तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, हे आमच्या गावात होणार नाही म्हणून. काही दिवसांतच राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. शेकडो वर्षांची रूढी ठरावाने मोडायला निघालेल्या तालुक्याला रोजाची वेळ ठरावाने बदलता येणार नाही, हे मला पटत नाही. ठरावात फार काही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार रानात मजूर नाही. टोळी असेल तिथे मांडव, माठ आणि आडोसा. नळाचे पाणी सांजेला. आणि ग्रामपंचायतीच्या दारात एक साधा तापमापक, त्याच्या टोकाला ओले फडके. शाळेतल्या पोरांनी रोज दुपारी त्याचा आकडा फळ्यावर लिहायचा, म्हणजे दोन-तीन उन्हाळ्यांत आमचाही एक ३९ आणि एक ४३ ठरेल.

ठराव मांडायला दिवसही सोयीचा आहे. १ मे. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि ग्रामसभेचा दिवस, तिन्ही एकच. आमच्याकडे त्या दिवशी झेंडावंदन उरकले की लगेच, सकाळी आठच्या आत सभा भरते. दुपारी ठेवून बघितली होती एकदा. उकाड्याने कोणी आलेच नाही.